मानाचा नकार

शैलजा मगदूमला रोज चारशे नकार ऐकायचा पगार मिळत असे.

‘नको हो, आत्ताच खाऊन निघालो.’ ‘अगं, कशाला उगाच त्रास घेतेस?’ ‘मला कशाला साडी, सूनबाईला घे.’ असले तुकडे, तीन-चार सेकंदांचे. कोण बोलतंय, कुठून बोलतंय, काही कळायचं नाही; नावं-गावं आधीच पुसलेली असत. सांगलीला लागून असलेल्या कुपवाडच्या एमआयडीसीत एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या इमारतीत ती कानाला हेडफोन लावून बसायची. याच इमारतीत तिच्या मावशीने उमेदीची वर्षं तुटलेले धागे जोडण्यात घालवली होती. प्रत्येक तुकड्यानंतर शैलजा दोनपैकी एक बटण दाबायची. हिरवं म्हणजे खरा नकार. पिवळं म्हणजे मानाचा नकार. चारशे झाले की घरी.

ऐकायला गंमत वाटते. पहिले पंधरा दिवस कामातही वाटते. मग माणूस घरी येऊन वडिलांना ‘चहा घेणार का?’ विचारतो आणि ते ‘नको’ म्हणाले की बोट आपोआप बटण शोधायला लागतं. शैलजाला या कामाला सहा वर्षं झाली होती.

नकार तपासायचा हा कारखाना कशासाठी, ते सांगायला हवं.

दोन माणसं समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचं वाक्य संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं, यात साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो. एवढ्या वेळात उत्तर जुळवून तोंडातून बाहेर काढणं मेंदूला शक्यच नसतं, त्याला याच्या तिप्पट वेळ लागतो. मग जमतं कसं? समोरचा काय म्हणणार याचा अंदाज बांधून, त्याचं संपायच्या आतच आपण तयार होऊन बसलेले असतो. म्हणजे ऐकता ऐकता आपण सतत पुढचं ओळखत असतो, आणि ज्याचं बरोबर ओळखता येतं त्याला आपलं माणूस म्हणतो.

आता यातलं एक माणूस सांगलीत आणि दुसरं रॉटरडॅमला. प्रकाश काचेच्या तारेतून कितीही पळाला तरी वाटेतल्या जोडण्या, आवाजाची घडी घालणं, ती उलगडणं, सगळं मिळून जाऊन-येऊन पाव ते अर्धा सेकंद मोडतोच. तेवढ्यानेही ऐकणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते, की याने उत्तर द्यायला वेळ का लावला? मग दोघं एकदमच बोलायला लागतात, एकदमच थांबतात, ‘बोल बोल’, ‘नाही, तू बोल’ करतात आणि फोन आवरता घेतात. जगभर पांगलेल्या घरांची बोलणी वर्षागणिक आखूड होत चालली होती, त्यात या अर्ध्या सेकंदाचाही हात होता.

‘निकट’ नावाच्या फोनसेवेने तो अर्धा सेकंद खाऊन टाकला. तुमच्या माणसाच्या आवाजाची आणि बोलण्याच्या सवयींची प्रतिकृती तुमच्याच फोनमध्ये ठेवलेली असते. तुमचं वाक्य संपतं न संपतं तोच ती त्याच्या आवाजात उत्तर द्यायला लागते. खरं उत्तर मागाहून येतं. दोन्हींचा अर्थ एकच निघाला, तर खरं उत्तर गुपचूप टाकून दिलं जातं. वेगळा निघाला, तर ‘नाही म्हणजे...’ असं काहीतरी म्हणत प्रतिकृती सांधा जुळवते आणि खरं उत्तर पुढे करते. सुरुवातीला एखाददुसरा शब्दच असा जायचा. पुढे वाक्यंच्या वाक्यं जाऊ लागली. लोकांना हे ठाऊक होतं, पण समुद्रापलीकडचा मुलगा शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा वाटू लागल्यावर कोण खोलात शिरतो?

मराठीत मात्र यंत्र तोंडावर आपटलं, आणि त्याला कारण आपला आग्रह. आपल्याकडे पहिल्या ‘नको’ला कुत्रं विचारत नाही. पाहुणा नको म्हणतो, आपण वाढतो. तो पुन्हा नको म्हणतो, आपण पुन्हा वाढतो. आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही तर तो घरी जाऊन बायकोला सांगतो की कद्रू माणसं आहेत. यंत्र पहिल्याच नकाराला मान देऊन पुढचा विषय काढायचं आणि दोन्हीकडची माणसं हिरमुसायची. म्हणून सांगलीत हा विभाग निघाला. जपानी माणसाच्या गप्प बसण्याचा विभाग ओसाकाला होता, होकारांचा मनिलाला. सांगलीच्या वाट्याला नकार आले.

शैलजाचा कान तिथे सगळ्यात तयार. चार वर्षांपूर्वी तिनेच एक नियम लिहून दिला होता, चौदा नंबरचा. घरातली थोरली बाई स्वतःच्या सुखाच्या गोष्टीला नको म्हणाली, तर तो मानाचा नकार धरावा; दोनदा आग्रह झाला आणि ती ‘बरं बाबा’ म्हणाली असं समजून पुढे जावं. तिच्या आईने आयुष्यभर स्वतःसाठी कशालाही पहिल्या दमात हो म्हटलं नव्हतं. ऐकलेल्या हजारो बायकांपैकीही कुणी म्हटलं नव्हतं. नियम शंभरात सत्त्याण्णव वेळा बरोबर निघाला. साहेबलोकांनी पेढे वाटले आणि तिला एक काचेची बाहुली दिली, तिच्यावर इंग्रजीत काहीतरी कोरलेलं होतं.

घरी आण्णा होते, तिचे वडील. साखर कारखान्यात टर्बाइनवर काम केलेला, दणकट हाताचा माणूस, पण आता कंपवाताने चहाची बशीसुद्धा धरवत नव्हती. शैलजाने लग्न केलं नव्हतं. आधी आईचं आजारपण, मग तिचं जाणं, मग आण्णांचं हे, यात ते राहूनच गेलं. तिचा धाकटा भाऊ भरतेश चौदा वर्षं रॉटरडॅमला, बंदरातल्या शीतगृहांची वेळापत्रकं सांभाळायचा. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येई. पोरगा चांगला होता. एकही रविवार त्याने चुकवला नव्हता.

त्या रविवारी ती आण्णांची दाढी करत होती. एका गालाला साबण तसाच होता तेवढ्यात फोन वाजला.

“आक्का, आण्णा जवळ आहेत काय?”

“हायत की. दाढी चाललीय.”

“जरा बाजूला ये.”

ती परसात गेली. धुण्याच्या दगडावर टेकली. गुडघे कुरकुरले.

“आक्का, आण्णांना इकडं आणायचं म्हणतोय,” भरतेश म्हणाला. “खालची खोली रिकामी केली. नर्स रोज घरी येते इथं. तू सहा वर्षं एकटीनं काढलीस. आता तू जरा मोकळी हो.”

“नको,” शैलजा म्हणाली. “आण्णा हितंच बरं हायत. तिकडं थंडीत कुठं नेतोस त्यांना?”

“बरं आक्का. मी बघतो सगळं. वीस तारखेला येतोच आहे.”

‘वीस तारखेला येतोय’ म्हटल्यावर तिला बाकी काही ऐकू आलं नाही. दोन वर्षांनी येत होता. आत जाऊन तिने आण्णांचा दुसरा गाल केला, आनंदात थोडा कापलाही.

वीस तारखेला भरतेश आला, दुपारी बाराला. आल्या आल्या आण्णांच्या पाया पडला, त्यांच्याजवळ बसला आणि बॅगेतून एक जाड कोट काढून त्यांच्या खांद्यावर बेताने धरून बघू लागला.

“बाह्या जरा लांब होतायत,” तो म्हणाला. “पण विमानतळावर उतरल्यावर पाहिजेच.”

शैलजा ताक घेऊन आली होती. “कुठल्या विमानतळावर?”

भरतेशला वाटलं ती चेष्टा करतेय. मग तिचं तोंड बघून त्याचं हसू मावळलं.

“सोमवारचं विमान आहे, आक्का. आपलं ठरलंय की.”

“काय ठरलंय? मी नको म्हटलं होतं तुला!”

“तू हो म्हणालीस.”

“मी? शुद्धीत हाय मी अजून.”

दोघं बहीणभाऊ आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांना खोटं पाडत होते आणि आण्णा कोट पांघरून मध्ये बसले होते. शेवटी भरतेशने फोन काढला. ऐकलेली बोलणी ‘निकट’ महिनाभर जपून ठेवतं. त्याने ते बोलणं लावलं.

आधी भरतेशचा आवाज: ‘आता तू जरा मोकळी हो.’ आणि मग तिचा. हुबेहूब तिचा. शब्दाआधी नाकाने श्वास घ्यायची तिची सवयही त्यात होती.

‘नको रे, कशाला... बरं, ने बाबा. मी दमलेय रे भरतेश. लई दमलेय.’

शैलजा खुर्चीवर बसली. हे ती बोलली नव्हती. देवाशप्पथ बोलली नव्हती. पण हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. गेली दोन-तीन वर्षं आण्णांना अंघोळ घालून झाली की ती न्हाणीघराच्या दाराला पाठ टेकून उभी राहायची आणि नेमकं हेच तिच्या पोटात असायचं. तोंडातून ते कधी निघालं नव्हतं. यंत्राने दीडशे रविवारचा तिचा आवाज ऐकून ते कुठून तरी उपसून काढलं होतं.

तिची चूक तिला तिथल्या तिथे कळली. थोरली बाई. स्वतःच्या सुखाची गोष्ट. नको. नियम चौदा. तिचा खरा ‘नको’ हजारो मैल जाऊन पोचला होता आणि तिच्याच नियमाने दारातून परत पाठवला होता.

“मला कुणी विचारणार काय?” आण्णा म्हणाले. त्यांचं बोलणं हल्ली पुटपुटल्यासारखं यायचं, कान द्यावा लागे. “मी जातो. माझं काय, हितं भिंत बघायची ती तिथं बघीन. ही पोरगी तरी जरा झोपंल.”

हा कसला होकार होता, ते शैलजाला कळेना. होकार तिने कधी तपासलेच नव्हते.

तासाभराने ती ऑफिसात गेली. प्रीतम हुक्केरी हा तिथला प्रमुख, तिच्याहून वीस वर्षांनी लहान, बेळगावकडचा, वागायला सरळ मुलगा. तिने सगळं सांगितलं. त्याने मान डोलवत ऐकलं, मग पडद्यावर काहीतरी बघितलं.

“मॅडम, चौदा नंबरवर तक्रार एकही नाही. चार वर्षांत एकही नाही.”

“कशी येईल? विचारणाऱ्याला पाहिजे ते ऐकू येतंय आणि नको म्हणणारीला वाटतंय आपण सांगितलं. काढून टाक तो नियम.”

“आता तो माझ्या हातात नाही. कानडी, गुजराती, तमिळ, अकरा भाषांना लावलाय. आग्रह सगळीकडंच निघाला, थोडाफार.” त्याने पडद्यावरून नजर काढली. “आणि मॅडम, तुम्हीच तेव्हा मीटिंगमध्ये म्हणाला होता. माझ्या आईला दुसऱ्यांदा कुणी विचारलं नसतं तर ती उपाशी मेली असती, असं.”

तसं ती म्हणाली होती खरं.

“एक करता येतं,” हुक्केरी म्हणाला. “तुमच्या या तुकड्यावर हरकत नोंदवतो. चुकीचा धरला गेला म्हणून. फक्त सांगा, कुठल्या रंगात टाकू? हिरवा ना?”

त्याने तिचा खरा आवाज लावला. ‘नको. आण्णा हितंच बरं हायत.’ तीन सेकंद. शैलजाने तो चार वेळा ऐकला. दुसऱ्या कुणा बाईचा असता तर तिने किती वेळात बटण दाबलं असतं? अर्ध्या सेकंदातही नाही. आता तिचं बोट हिरव्यावर जाईना, पिवळ्यावरही जाईना.

“उद्या सांगते,” ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली. रिक्षासाठी उभं राहायचंही त्राण नव्हतं. कठड्यावर बसून तिने येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघितलं. अर्धे लोक बोलत चालले होते, कानात यंत्र घालून, हसत, माना डोलवत. त्यातले किती जण खरोखरच आपल्या माणसाशी बोलतायत, असं तिच्या मनात आलं आणि तिला भीती वाटली.

मगदुमांच्या घरात जेवणं सूर्यास्ताच्या आत होत. जैनाघरची जुनी रीत, आण्णांनी आजारपणातही सोडली नव्हती. साडेपाचला तिने पानं घेतली. भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, आमटी. आण्णांना तिने कुस्करून भरवलं. ते आत जाऊन पडले.

भरतेशचं पान रिकामं झालं होतं. “भाकरी?” तिने विचारलं.

“नको.”

तिने टोपली उचललेली तशीच ठेवली. पूर्वी विचारता विचारता पानात पडलीसुद्धा असती. आज तिला खरंच ठरवता आलं नाही, आणि अंगात ताकदही नव्हती.

हात धुऊन भरतेश तिच्यासमोर येऊन बसला. फोन त्याने मुद्दाम आत ठेवला होता.

“आक्का, झालं ते झालं. आता मध्ये कुणी नाही. मी समोरासमोर विचारतो. आण्णांना नेऊ काय?”

“नको,” शैलजा म्हणाली.

“बरं.”

एवढंच म्हणाला तो. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखा उठला, आत जाऊन फोन घेऊन आला आणि सोमवारचं तिकीट रद्द कसं करायचं ते शोधायला लागला. त्याचा चेहरा निर्मळ होता. त्याने विचारलं, तिने सांगितलं, त्याने ऐकलं. यात त्याचं काय चुकलं?

शैलजा वाट बघत बसली. कशाची, ते तिला जरा वेळाने उमगलं. ‘असं कसं आक्का, नको कसं? तुझं तोंड बघ किती उतरलंय,’ असं तो म्हणेल, मग ती काहीतरी म्हणेल, मग तो चिडेल, मग ती रडेल, आणि त्या ओढाताणीत कुठेतरी खरं काय ते दोघांनाही कळेल. त्यांच्या घरातले सगळे निर्णय असेच झाले होते. भरतेशचं परदेशी जाणंसुद्धा. तेव्हा तो तीनदा नको म्हणाला होता आणि तिने चौथ्यांदा विचारलं होतं.

तो दुसऱ्यांदा विचारत नव्हता. त्याला त्याची गरजच पडली नव्हती इतकी वर्षं. दर रविवारी यंत्र त्याच्या वतीने मनधरणी उरकून घ्यायचं आणि तयार उत्तर त्याच्या हातात द्यायचं. तिनेच शिकवलं होतं यंत्राला हे. रोज चारशे तुकडे, सहा वर्षं. तिला स्वतःचा असा राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

“परत विचार,” ती म्हणाली.

“काय?”

“आत्ता विचारलंस ते. परत विचार.”

“अगं, तू नको म्हणालीस की.”

“म्हणाले. एकदा विचारून गप बसायची रीत आपल्या घरात कवापास्नं आली रे? मी तुला वाढताना एकदाच विचारायची काय? विचार परत.”

भरतेशने फोन खाली ठेवला. काय चाललंय हे त्याला नीटसं कळलं नव्हतं, पण बहिणीचा आवाज कापत होता एवढं कळलं. तो जवळ सरकला.

“आक्का, नेऊ काय आण्णांना? तू दमलीयस.”

“दमलेय,” शैलजा म्हणाली. हे बोलताना तिला रडू फुटलं आणि ते तिने आवरलं नाही. “लई दमलेय. रात्रीतनं तीनदा उठते. परवा त्यांना उचलताना पाठीत उसण भरली, तशीच ऑफिसला गेले. कधीकधी वाटतं, एकदाचं सुटावं. कुणी सुटावं ते म्हणत नाही मी. पण त्यांना नेऊ नकोस. तिकडं त्यांचं पुटपुटणं कुणाला कळायचं? नर्सला? त्यांना नेऊ नकोस. तू राहा.”

“मी?”

“तू. चौदा वर्षांत तू कधी विचारलं न्हाईस आणि मी कधी बोलले न्हाई. तीन महिने राहा.”

भरतेशने मान खाली घातली. “नाही जमणार गं, आक्का. नोकरी आहे. पोरीची शाळा आहे.”

इतक्या वर्षांत त्याने तिला सरळ नाही म्हणायची ही पहिलीच वेळ. फोनवरचा भरतेश नेहमी ‘तू म्हणशील तसं’ म्हणायचा. तिला ते लागलं. तरी तिने टोपली पुढे ओढली आणि अर्धी भाकरी तिथेच राहिलेल्या त्याच्या पानात टाकली.

“राहा.”

“आक्का, खरंच नाही...”

“राहा की रे.”

“असं एकदम कसं सांगतेस तू?”

“भरतेश, राहा.”

तो बोटाने भाकरीचा कोपरा मोडत राहिला. मग म्हणाला, “एक महिना. जास्त नाही. जास्तीचं खोटं बोलणार नाही मी.”

“चालंल,” ती म्हणाली.

महिन्यानंतर काय, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं आणि दोघांनीही काढलं नाही. भरतेशने घरी फोन लावून बायकोला सांगितलं. त्या बोलण्यात बराच वेळ गेला आणि ते फारसं गोड नव्हतं. शैलजाने दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

दुपारी ती आतल्या खोलीत आडवी झाली. डोळा लागतो न लागतो तोच बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आण्णांना लघवीला जायचं होतं. भरतेश त्यांना उठवत होता, आणि त्याला ते अजिबात जमत नव्हतं. काखेत हात घालायचा असतो, तो मनगट धरून ओढत होता. “थांबा आण्णा, थांबा, पाय पुढं टाका,” तो म्हणत होता. आण्णा काहीतरी पुटपुटले. “काय म्हणालात? परत सांगा की,” भरतेशने विचारलं. ते पुन्हा पुटपुटले. त्याने पुन्हा विचारलं. मग काहीतरी लवंडलं आणि पाणी सांडल्याचा आवाज आला. भरतेशने हाक मारली, “आक्का!” आणि लगेच स्वतःच म्हणाला, “नको, असू दे, मी बघतो.”

शैलजाने डोळे उघडले. तिने छताकडे बघितलं, कूस बदलली, चादर कानावर ओढून घेतली आणि उठली नाही.